रोगप्रतिकारक पेशींचा ऊतींमधील संचार

रक्तातील पांढऱ्या पेशी रक्तवाहिनीची भिंत ओलांडून ऊतीत शिरतात, तिथे वावरतात आणि तिथल्या पेशींशी संदेशांची देवाणघेवाण करतात. या क्रियेला रोगप्रतिकारक पेशींचा संचार म्हणतात. शहाडच्या छोट्या लॅबमधला सीबीसीचा अहवाल असो की परळच्या मोठ्या रुग्णालयातला, त्यातल्या पांढऱ्या पेशींच्या आकड्यावरून प्रतिकारशक्तीचा अंदाज बांधायची सवय सगळीकडे आहे. आकडा उपयोगी खरा, पण तो वाटेत असलेल्या पेशींचा असतो. जंतूंशी गाठ पडते ती बहुतेक वेळा ऊतीत. त्यामुळे पेशी किती आहेत, याइतकेच त्या हव्या त्या जागी पोचतात का, हेही महत्त्वाचे ठरते.

जर्मन शास्त्रज्ञ यूलिउस कोनहाइम यांनी १८६७ साली बेडकाच्या शरीरातील पातळ पडद्यात पांढऱ्या पेशी वाहिनीबाहेर पडताना पाहिल्या आणि पू हा रक्तातूनच येतो, असे दाखवून दिले. आज या प्रवासाचे टप्पे माहीत आहेत. ऊतीला इजा झाली की तिथल्या पेशी रासायनिक संदेश सोडतात आणि जवळच्या बारीक शिरांच्या आतल्या अस्तरावर सिलेक्टिन ही प्रथिने उगवतात. वाहती पेशी त्यांना अडखळते, अस्तरावरून घरंगळत जाते. मग केमोकाइन या रासायनिक संदेशाचा इशारा मिळताच तिच्या पृष्ठभागावरची इंटिग्रिन प्रथिने ताठ होतात आणि ती घट्ट चिकटते. त्यानंतर ती चपटी होऊन, बहुधा अस्तराच्या दोन पेशींमधल्या फटीतून, बाहेर पडते. म्हणजे बोलावणे ऊतीचे असते. पेशी आपल्या मर्जीने कुठेही शिरत नाही.

यातला एकच दुवा निखळला तर काय होते, हे ल्युकोसाइट अधेजन डेफिशियन्सी या दुर्मीळ आनुवंशिक आजारात दिसते. त्याच्या पहिल्या प्रकारात आयटीजीबी-२ या जनुकातील दोषामुळे सीडी-१८ हे इंटिग्रिनचे अंग कमी पडते किंवा तयारच होत नाही. निरोगी प्रौढाच्या रक्तात दर मायक्रोलिटरला साधारण ४,००० ते ११,००० पांढऱ्या पेशी असतात. या बाळांमध्ये संसर्गाच्या वेळी त्या लाखाच्या घरातही जातात. तरीही जखमेत पू धरत नाही, हिरड्या सडतात, बेंबीची नाळ आठवडा-दोन आठवड्यांत पडायची ती तीन-चार आठवडे तशीच राहते. रक्त पेशींनी भरलेले आणि ऊती ओस. परळला केईएम रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेत अशा मुलांचे निदान फ्लो सायटोमेट्रीने होते: पेशींवर सीडी-१८ किती आहे, ते तिथे थेट मोजले जाते.

अशा विरळा आजारावरून सर्वसाधारण नियम काढणे घाईचे आहे, असा आक्षेप येऊ शकतो. पण पुरावा नेहमीच्या उपचारांतही आहे. स्टेरॉइड दिल्यावर सीबीसीतला न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींचा आकडा चढतो. त्यामागचे एक मोठे कारण म्हणजे भिंतीला टेकलेल्या पेशी सुटून प्रवाहात येतात. आकडा वाढतो, संसर्गाचा धोकाही वाढतो. नतालिझुमॅब हे औषध लिम्फोसाइट पेशींना मेंदूत शिरू देत नाही. त्याने मल्टिपल स्क्लेरोसिसचे झटके कमी होतात, पण काही रुग्णांच्या मेंदूत सुप्त जेसी विषाणू उसळला आणि २००५ साली अमेरिकेत ते काही काळ बाजारातून मागे घ्यावे लागले. क्षयासाठीच्या मॅन्टू चाचणीत तर हा संचार बोटाला लागतो. हाताच्या त्वचेत टोचल्यावर ४८ ते ७२ तासांनी लाली सोडून फक्त घट्टपणा मिलिमीटरमध्ये मोजतात. तो घट्टपणा बराचसा तिथे जमलेल्या टी-पेशी आणि मॅक्रोफेज यांचाच असतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: केमोथेरपीनंतर न्यूट्रोफिल ५०० च्या खाली गेले की जीव धोक्यात येतो, मग संख्या गौण कशी? ती गौण नाहीच. पेशीच नसतील तर पोचणार कोण? मात्र पुरेशा पेशी असतानाही संसर्ग वारंवार होत असेल, तर आकड्यावर विसंबणे चुकीचे आहे. तीव्र सीडी-१८ अभावात अस्थिमज्जा प्रत्यारोपणाखेरीज बहुतेक मुले पहिल्या काही वर्षांतच दगावतात. म्हणून तीन आठवडे उलटूनही नाळ न पडलेल्या, पांढऱ्या पेशी भरमसाट असूनही जखमेत पू न धरणाऱ्या बाळाची तपासणी सीबीसीवर थांबवू नये. सीडी-१८ ची चाचणी वेळ न दवडता करून घ्यावी.