बीट बनवायला कुठलं सॉफ्टवेअर? उत्तर १९८० पासून सुरू होतं

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलण्यातले "म्हणजे" आणि "अं" तेवढे काढलेत, बाकी आहे तसंच.

गेले काही महिने आपल्या इनबॉक्समध्ये एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी येतोय: "दादा, घरी बीट बनवायची आहे, कुठलं सॉफ्टवेअर घेऊ?" विचारणारा कोणी अकरावीत आहे, कोणाकडे ताईचा जुना लॅपटॉप आहे, आणि बऱ्याच जणांकडे फक्त फोन. यूट्यूबवर याची शंभर उत्तरं सापडतात, सगळी फीचर्सची तुलना करणारी. ती बघून डोकं आणखी गरगरतं, कारण आज फीचर्स जवळपास सगळ्यांकडे सारखीच आहेत. खरा फरक आहे तो घराण्याचा. प्रत्येक सॉफ्टवेअर कुठल्या तरी जुन्या यंत्राच्या पोटातून जन्माला आलं. ते यंत्र कोणासाठी बनवलं होतं हे कळलं, की ते सॉफ्टवेअर तुम्हाला कुठं नेणार आणि कुठं अडवणार हेही कळतं. म्हणून आज सल्ला कमी आणि इतिहास जास्त.

सुरुवात १९८० पासून करू. त्या वर्षी अमेरिकेत रॉजर लिन यांचं एलएम-१ हे ड्रम मशीन आलं. त्यात खऱ्या ड्रमचे रेकॉर्ड केलेले आवाज होते, पण किंमत जवळजवळ ५,००० डॉलर. म्हणजे घरचं काम नाहीच. त्याच वर्षी जपानच्या रोलँड कंपनीनं टीआर-८०८ आणलं. याचे आवाज खऱ्या ड्रमसारखे मुळीच नव्हते, सगळे इलेक्ट्रॉनिक सर्किटमधून निघालेले. सुमारे १२,००० नग विकून १९८३ मध्ये ते बंदही झालं. मग सेकंडहँड बाजारात ते स्वस्तात मिळायला लागलं, आणि ज्यांच्याकडे पैसे नव्हते त्यांच्या हातात पडलं. आज ट्रॅपमध्ये छातीवर आदळणाऱ्या बेसला पोरं "८०८" म्हणतात, तो याच यंत्राचा किक ड्रम.

पण मला त्याच्या आवाजापेक्षा बटणं महत्त्वाची वाटतात. ८०८ वर खाली एका ओळीत सोळा बटणं आहेत, चार-चारच्या गटात चार रंगांची: लाल, केशरी, पिवळा, पांढरा. ज्या ठिकाणी ठोका हवा ते बटण दाबायचं, दिवा लागतो, आणि ओळ गोल गोल फिरत राहते. सोळा मात्रा, चार विभाग. तबला शिकलेल्यांना लगेच तीनताल आठवेल! अर्थात हा योगायोग. जपानी इंजिनिअरनी काही तीनताल डोळ्यांसमोर ठेवला नव्हता.

योगायोगावरून आठवलं. १९८२ मध्ये आपल्या मुंबईत चरणजितसिंग नावाच्या वादकानं हेच ८०८ आणि रोलँडचीच आणखी दोन यंत्रं घेऊन त्यांवर राग वाजवले. हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डिंगमध्ये वाजवणारा हा माणूस. 'टेन रागाज टू अ डिस्को बीट' हा तो अल्बम. तेव्हा त्याकडे कोणी फारसं लक्ष दिलं नाही. २०१० मध्ये तो परदेशात पुन्हा निघाला तेव्हा ऐकणारे चक्रावले, कारण शिकागोमध्ये ॲसिड हाऊस म्हणून जे संगीत पुढे गाजलं, त्याच्याशी याचं विलक्षण साम्य होतं. आणि हे रेकॉर्डिंग त्याच्या कितीतरी आधीचं. शोधून ऐका.

१९८३ मध्ये मिडी आलं. वेगवेगळ्या कंपन्यांच्या वाद्यांनी एकमेकांशी एका भाषेत बोलावं अशी ही सोय. अमेरिकेचे डेव्ह स्मिथ आणि रोलँडचे इकुतारो काकेहाशी यांनी पुढाकार घेतला. एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या कंपन्यांनी एक भाषा मान्य केली, आणि ती चाळीस वर्षांनंतरही चालू आहे. तुमच्या स्वस्तातल्या यूएसबी कीबोर्डमधून निघतं ते मिडीच.

आता कॉम्प्युटर मध्ये येतो आणि इथून घराणी वेगळी होतात. १९८५ च्या अटारी एसटी या कॉम्प्युटरला मिडीची भोकं आधीपासूनच होती. त्यावर १९८९ मध्ये जर्मनीच्या स्टाइनबर्ग कंपनीनं क्यूबेस आणलं. पडद्यावर गाणं डावीकडून उजवीकडे आडवं पसरलेलं, टेपसारखं. हे वाजवणाऱ्यासाठी केलेलं होतं: तुम्ही कीबोर्डवर वाजवा, ते नोंदवून घेईल, मग चुका दुरुस्त करा. दुसरीकडे अमिगा कॉम्प्युटरवर १९८७ मध्ये कार्स्टन ओबार्स्की यांचं अल्टिमेट साउंडट्रॅकर आलं. त्यात गाणं वरून खाली आकड्यांच्या रांगांसारखं सरकायचं, आणि एका वेळी चारच आवाज. ते गेम बनवणाऱ्यांचं हत्यार. तिसरं घराणं प्रो टूल्सचं, १९९१ चं, मोठ्या स्टुडिओतल्या रेकॉर्डिंगसाठी. घरी बीट बनवणाऱ्यानं त्याच्या नादी लागू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि मग आलं ते, ज्याचं नाव तुमच्यापैकी निम्म्या जणांनी मेसेजमध्ये आधीच लिहिलंय.

डिसेंबर १९९७. बेल्जियममधली इमेज-लाइन नावाची गेम बनवणारी कंपनी. तिथल्या दिदिए दांब्रँ या प्रोग्रामरनं एक छोटा प्रोग्राम लिहिला, फ्रूटीलूप्स. पहिल्या रूपात ते फक्त मिडी ड्रम मशीन होतं. उघडलं की समोर काय? सोळा बटणांची ओळ, चार-चारच्या गटात दोन रंगांची. ८०८ सरळ पडद्यावर येऊन बसलं. ना नोटेशन, ना टेप. संगीत "येणं" ही अटच उडाली. चौकोनावर क्लिक करा, वाजेल. नाही आवडलं तर पुन्हा क्लिक करा.

संगीतवाल्या प्रतिष्ठित मंडळींनी त्याला खेळणं म्हटलं. नावही तसंच, सकाळच्या नाश्त्याच्या रंगीत गोळ्यांसारखं. खरंच अमेरिकेत केलॉग्जच्या फ्रूट लूप्समुळे ट्रेडमार्कची अडचण आलीच. लोकांनी गंभीरपणे घ्यावं हाही हेतू होता, म्हणून २००३ मध्ये नाव बदलून एफएल स्टुडिओ केलं. पण तोवर ते पोचायचं तिथं पोचलं होतं. पूर्व लंडनच्या सरकारी वसाहतींमध्ये ग्राइम नावाचं संगीत उभं राहत होतं, आणि ते करणारी पोरं घरच्या साध्या कॉम्प्युटरवर फ्रूटीलूप्स, नाहीतर चक्क प्लेस्टेशनवरचा 'म्युझिक २०००' हा प्रोग्राम वापरत होती. स्टुडिओचं भाडं परवडत नव्हतं, म्हणून हा मार्ग. २००७ मध्ये अमेरिकेत सोल्जा बॉय या १७ वर्षांच्या मुलाचं 'क्रँक दॅट' बिलबोर्डवर पहिल्या क्रमांकावर गेलं. बीट त्यानं स्वतः एफएल स्टुडिओवर बनवलेली. स्टीलपॅनची एक साधी धून, चुटक्या, टाळ्या, संपलं. अनेकांनी नाकं मुरडली. घरोघरच्या पोरांनी मात्र ते ऐकून आपलाही कॉम्प्युटर चालू केला.

कंपनीनं आणखी एक गोष्ट केली. एकदा विकत घेतलं की पुढचे सगळे अपडेट आयुष्यभर फुकट. ज्यानं वीस वर्षांपूर्वी घेतलं, त्याला आजची आवृत्तीही मिळते. दर महिन्याला पैसे कापणाऱ्या ॲप्सच्या जमान्यात ही गोष्ट दुर्मिळ आहे, म्हणून सांगतो: क्रॅक कॉपीच्या मागे लागू नका. नीतीचा भाग सोडा, माझ्या एका मित्राच्या लॅपटॉपमध्ये क्रॅकसोबत व्हायरस आला आणि तीन वर्षांचे प्रोजेक्ट गेले. ट्रायल आवृत्ती फुकट आहे. तिच्यात बीट बनवता येते, ऑडिओ फाइल काढता येते, फक्त सेव्ह केलेला प्रोजेक्ट लायसन्सशिवाय पुन्हा नीट उघडत नाही. म्हणजे एका बैठकीत बीट संपवायची. खरं सांगू, शिकणाऱ्याला ही शिस्त फायद्याचीच आहे.

बर्लिनचं एबलटन लाइव्ह २००१ चं. ते बनवणारे गेरहार्ड बेलेस आणि रॉबर्ट हेन्के हे मोनोलेक या नावानं स्टेजवर वाजवायचे, त्यामुळे ते स्टेजसाठीच बनलं. तुकडे चौकोनात मांडून ठेवा, हवा तेव्हा हवा तो चालू करा. लोकांसमोर वाजवायचं स्वप्न असेल तर हे. लॉजिकची गोष्ट वेगळी आहे. ते मूळ जर्मनीच्या ईमॅजिक कंपनीचं, विंडोजवरही चालायचं. २००२ मध्ये ॲपलनं कंपनी विकत घेतली आणि विंडोजवाल्यांची आवृत्ती बंद केली. ज्यांची सगळी गाणी त्यात होती ते उघड्यावर पडले. उलटी गोष्ट केकवॉकची. डॉसच्या काळापासूनचं हे सॉफ्टवेअर मालक कंपनीनं २०१७ च्या शेवटी बंद करायला घेतलं. पुढच्या वर्षी सिंगापूरच्या बँडलॅबनं ते उचललं आणि फुकट वाटलं. कुठलंही घ्या, पूर्ण झालेल्या बीटचे सगळे ट्रॅक वेगवेगळ्या वेव्ह फाइल्स करून ठेवा. वेव्ह कुठंही उघडते.

आता फोनवाले. ॲपलनं २००४ मध्ये मॅकवर गॅरेजबँड आणलं, तयार लूप्ससकट. रिहानाच्या 'अम्ब्रेला'चा ड्रम आठवतोय? तो गॅरेजबँडमधला तयार लूप आहे, 'व्हिंटेज फंक किट ०३'. पुढे गॅरेजबँड आयफोनवर आलं, आणि स्टीव्ह लेसी नावाच्या पोरानं त्यावर फोनला गिटार जोडून संगीत रचलं. त्यातलंच एक केंड्रिक लमारच्या 'डॅम' या अल्बममध्ये 'प्राइड' म्हणून आलं. या अल्बमला २०१८ मध्ये पुलित्झर मिळालं. आणि कुर्ल्याचा नेझी! २०१४ चं 'आफत' त्यानं आयपॅडवर रेकॉर्ड केलं.

तुमच्या लक्षात आलं असेल, ही सगळी उदाहरणं ॲपलची आहेत. याला कारण आहे. बोट पडद्यावर टेकल्यापासून आवाज येईपर्यंत जो वेळ जातो त्याला लेटन्सी म्हणतात. आयफोनवर ती सुरुवातीपासून फार कमी होती. जुन्या अँड्रॉइड फोनांवर ती शंभर मिलिसेकंदांच्याही वर जायची. तबल्यावर थाप मारली आणि आवाज ऐकू येईपर्यंत पुढची मात्रा जवळ आली, असं झालं तर कोण वाजवेल? २०१७ मध्ये अँड्रॉइड ८ सोबत गुगलनं ऑडिओची नवी व्यवस्था दिली आणि त्यानंतर फरक पडत गेला. आजच्या अँड्रॉइडवर बँडलॅब किंवा एफएल स्टुडिओ मोबाइल वापरा. मात्र वाजवताना ब्लूटूथ इअरबड काढा आणि वायरवाले लावा. ब्लूटूथची दिरंगाई कुठलंच ॲप घालवू शकत नाही. लॅपटॉप आहे पण पैसे नाहीत, तर एलएमएमएस फुकट आहे आणि बरंचसं एफएलच्याच वळणाचं. थोडे पैसे आहेत आणि गाणं-रॅप रेकॉर्ड करायचंय, तर रीपर. ते बनवणारा जस्टिन फ्रँकेल म्हणजे विनॅम्पचा कर्ता, मोठ्या भावाला विचारा, त्याला माहीत असेल.

तरी मला एक खटकतं. सोळा बटणांचा चौकोन उघडला की हात आपोआप १, ५, ९, १३ वर जातो. गणपतीच्या मिरवणुकीतले रिमिक्स ऐका. कोळीगीताची सहाची डौलदार चाल चारच्या चौकटीत कोंबलेली असते, कारण चौकट आधी आली आणि गाणं नंतर. डेट्रॉइटच्या जे डिलानं अकाईच्या एमपीसी-३००० वर ठोके मुद्दाम चौकटीबाहेर, किंचित मागे-पुढे ठेवले. मशीनच सगळं सरळ करून देते ती क्वांटाइझची सोय त्यानं बाजूला ठेवली. ते मशीन आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. आपल्या ढोलकीवाल्यांचा हातही असाच, ग्राफच्या कागदावर न बसणारा. सोय आपल्या हातात आहे. स्टेप सोळाऐवजी बारा करता येतात. एफएल स्टुडिओत २०१८ च्या आवृत्ती २० पासून वेगवेगळ्या टाइम सिग्नेचरही आल्या, म्हणजे रूपकाच्या सात मात्रांची ओळ नीट मांडता येते.

करून बघा. पॅटर्न चौदा स्टेपचा घ्या, म्हणजे एका मात्रेला दोन स्टेप. रूपक तीन-दोन-दोन असा चालतो, त्यामुळे पहिल्या विभागाला सहा स्टेप, पुढच्या दोन विभागांना चार-चार. पहिल्या स्टेपवर किक ठेवू नका, कारण रूपकाची सम खालीची असते, तिथं टाळी नाही. तिथं हलकी हायहॅट ठेवा. किक सातव्या आणि अकराव्या स्टेपवर येऊ द्या. मग क्वांटाइझ बंद करून वरून बोटांनी चुटक्या वाजवा आणि जे निघेल ते आम्हाला पाठवा, पुढच्या भागात वाजवू.