सुरतेचा छापखाना आणि साष्टीची ओवी

सुरत म्हटली की मराठी मनापुढे शिवछत्रपतींच्या १६६४ आणि १६७० च्या स्वाऱ्या उभ्या राहतात. पहिल्या स्वारीत महाराजांनी तेथील कपुचिन पाद्र्यांच्या घराला धक्का लावला नाही, ही बर्निये या फ्रेंच प्रवाशाची नोंद पुष्कळांच्या वाचनात आली असेल. आज आम्हांस मात्र तापीकाठच्या त्या शहरात एका छापखान्याचा माग काढावयाचा आहे. ख्रिस्ती धर्मग्रंथातील वचने इथल्या मुलांच्या जिभेवर रुळावीत म्हणून ज्यांनी खटपट केली, त्यांना अखेर कोणाच्या दारी जावे लागले, एवढाच आमचा प्रश्न.

लंडन मिशनरी सोसायटीचे स्किनर आणि फायवी हे पाद्री १८१५ च्या सुमारास सुरतेस आले. त्यांनी बायबलाचे गुजराती भाषांतर केले, छापखाना घातला, आणि १८२० नंतरच्या चारपाच वर्षांत नवा व जुना करार तेथून छापून बाहेर पडले. उद्योग प्रचंड, यात संशय नाही. परंतु गद्य ग्रंथ हातात देणे निराळे आणि तो मुलाच्या कंठात उतरवणे निराळे. ज्या प्रांतात मुले नरसी मेहत्यांच्या प्रभातियांनी जागी होत आणि माणभट्टाच्या घागरीच्या ठेक्यावर प्रेमानंदाची आख्याने ऐकत झोपी जात, तेथे सुराविना आलेले वचन पाहुण्यासारखे ओसरीवरच थांबले तर नवल नाही.

ही अडचण ज्यांनी ओळखली त्यांत जोसेफ व्हॅन सोमरन टेलर यांचे नाव घ्यावे लागेल. हे गृहस्थ हिंदुस्थानातच जन्मलेले; १८६७ चे त्यांचे गुजराती व्याकरण विद्वानांत मान्यता पावले. त्यांनी ख्रिस्ती गीते रचली ती गुजराती काव्याच्या धाटणीने, आणि संग्रहाला नाव दिले तेही ‘काव्यार्पण’. व्याकरणकाराला भाषेचा कान असतो, हे येथे उपयोगी पडले.

याच सुरतेत, टेलरांच्या गीतांपूर्वी, दुसरे एक व्याकरणकार राहून गेले होते, आणि ते आमचे: दादोबा पांडुरंग तर्खडकर. सरकारी इंग्रजी शाळेत ते शिक्षक होते. दुर्गाराम मेहताजींसह त्यांनी १८४४ साली मानवधर्मसभा स्थापन केली. सभेत वाद झडले, जातिभेदावर व जादूटोण्यावर कठोर बोलणी झाली. पण गाणे नव्हते. दादोबा सुरत सोडून गेले, दुर्गारामही पुढे राजकोटास गेले, आणि सभा विझली. त्यांचे बंधू आत्माराम पांडुरंग यांच्या पुढाकाराने १८६७ साली मुंबईत निघालेल्या प्रार्थनासमाजाने तुकोबांचे अभंग हाती धरले आणि तो टिकला. केवळ गाण्याने टिकला असा आमचा दावा नाही; पण वकिलाच्या नजरेला हा पुरावा दुर्लक्षण्याजोगा वाटत नाही.

सुरतेत जे उमगावयास पिढी-दोन पिढ्या लागल्या, ते गोव्यात अडीचशे वर्षे आधीच घडून गेले होते. १५४२ साली आलेले झेवियर घंटा वाजवीत गल्लीतून फिरत आणि मुले गोळा करून त्यांच्याकडून धर्मतत्त्वे गाऊन घेत. पुढे १५७९ साली आलेले इंग्रज जेजुइट थॉमस स्टीफन्स यांनी साष्टीत राहून बायबलाची सारी कथा मराठी ओवीत बांधली. ते ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली राचोल येथे रोमन लिपीत छापले गेले. ओव्या सुमारे अकरा हजार. ओवीचे तीन चरण यमकाने जखडलेले, चौथा आखूड आणि मोकळा. एखादा शब्द गळला तर चाल लंगडते आणि मुलाला आपली चूक आपणच कळते. छडीचे काम यमक करते. आम्ही कायदा शिकलो तेव्हा १८७२ च्या करार कायद्याची कलमे अशी बांधलेली नव्हती. ती किती राहिली, हे न सांगणेच बरे.

हे लिहिताना आमचे मन निर्विकार राहत नाही. साष्टीतली देवळे १५६७ साली पाडली गेली. श्रीमंगेश कुठ्ठाळीहून आणि श्रीशांतादुर्गा केळोशीहून नदीपार अंत्रुजात नेली गेली ती त्याच शतकात. ज्यांचे पुराण हिरावले, त्यांच्याच पुराणाची वीण घेऊन हा ग्रंथ विणला गेला. आरंभी एक ब्राह्मणच पाद्रीकडे वाचावयास ग्रंथ मागतो, असे स्टीफन्स स्वतः दाखवतात. याला कोणी कपट म्हणतील. आम्हांला त्यात मराठीवरचे खरे प्रेमही दिसते, आणि ते प्रेम आहे म्हणून देवळांचे दुःख हलके होत नाही. दोन्ही गोष्टी एकाच दप्तरात ठेवाव्या लागतात. राज्यकर्त्यांना तर तेवढीही भाषा सोसवली नाही: १६८४ साली कोंकणी तीन वर्षांत टाकून पोर्तुगीज बोलण्याचे फर्मान निघाले.

पुराणाच्या १६१६, १६४९ आणि १६५४ च्या छापील आवृत्त्यांची एकही प्रत हाती लागत नाही, असेच अभ्यासक सांगत आले. छापखाना हरला. पण गोव्यातून कानडा जिल्ह्यात गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांत हस्तलिखिते उतरली आणि ओव्या गाइल्या गेल्या. त्यांच्या आधारे जे. एल. साल्डान्हा यांनी १९०७ साली मंगळुरास ते पुन्हा छापले. आमचे सारस्वत पूर्वजही त्याच किनाऱ्याने दक्षिणेस उतरले होते. त्यांच्या घरी दिवेलागणीला मुले परवचा म्हणत, आणि कुठे चार वाड्यांपलीकडे दुसरी मुले ओवीतच येशूचा जन्म गात असतील.