बोहाड्याचे लाकडी मुखवटे

बोहाड्याचे लाकडी मुखवटे हे महाराष्ट्रातील सह्याद्रीच्या पट्ट्यात बोहाडा या लोकोत्सवात वापरले जाणारे, हाताने कोरलेले व रंगवलेले देवदेवतांचे मुखवटे होत. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याचा अकोले तालुका, नाशिक जिल्ह्याचा पश्चिम भाग आणि पालघर जिल्ह्यातील (२०१४ पूर्वी ठाणे जिल्हा) जव्हार व मोखाडा तालुके हे या परंपरेचे क्षेत्र आहे. महादेव कोळी, कोकणा, वारली, ठाकर इत्यादी समाज हा उत्सव साजरा करतात. काही ठिकाणी त्यास भोवाडा किंवा आखाडी असेही म्हणतात.

स्वरूप
होळीनंतर, शेतीची कामे थांबलेली असताना, उत्सव रात्री भरतो. मशालींच्या उजेडात व संबळाच्या तालावर सोंगे नाचत येतात. आरंभी गणपती व सरस्वती, पुढे नरसिंह, खंडोबा, रावण, भीम आदी सोंगे येतात. देवी व महिषासुर यांचे युद्ध हा उत्सवाचा कळस असतो. अनेक गावांत विशिष्ट सोंग घेण्याचा मान ठरावीक घराण्याकडे असतो. मुखवटा देवतेचे रूप मानला जात असल्याने तो धारण करण्यापूर्वी त्याची पूजा करतात.

निर्मिती
मुखवट्यासाठी पांगारा, सावर यांसारखे वजनाला हलके लाकूड सोयीचे ठरते. ओंडका मागील बाजूने पोखरून पुढील बाजूस चेहरा कोरतात आणि नाचणाऱ्यास दिसावे म्हणून छिद्रे ठेवतात. मशालीच्या उजेडात दुरून ओळख पटावी, यासाठी डोळे मोठे व रंग भडक असतात. रंग उडालेला मुखवटा पुन्हा रंगवून वापरात ठेवतात. त्यामुळे केवळ वरच्या रंगावरून त्याचे वय ठरवता येत नाही.

सद्यस्थिती
लाकडी मुखवटा जड असतो व तो कोरण्यास वेळ लागतो. त्यामुळे कागदाच्या लगद्याचे हलके मुखवटे प्रचारात आले असून जव्हार परिसरातील असे मुखवटे शोभेची वस्तू म्हणूनही विकले जातात. या विक्रीने कारागिरांना काम मिळते, मात्र लाकूड कोरण्याचे कौशल्य त्यातून टिकत नाही. जुना लाकडी मुखवटा गावाबाहेर गेल्यास एक कलावस्तू जतन होते, परंतु ते सोंग, त्याचा मान व त्याची चाल यांचा परस्परसंबंध तुटतो. म्हणून मुखवट्यासोबत त्याच्या सोंगाची व वादनाची नोंद होणेही तितकेच आवश्यक ठरते.