कोवाडच्या पेठेत पाणी शिरण्याआधी

ऑगस्ट २०१९ च्या पहिल्या आठवड्यात पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावर ५५ फूट ओलांडले, पुणे-बंगळूर महामार्ग बंद पडला, नौदलाची पथकं आली. सगळ्या महाराष्ट्राचे डोळे कोल्हापूर-सांगलीकडं होते. त्याच दिवसांत कोल्हापूर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, चंदगड तालुक्यात, ताम्रपर्णी कोवाडच्या बाजारपेठेत शिरली होती. जुलै २०२१ मध्ये पंचगंगा ५६ फुटांवर गेली, तेव्हाही ताम्रपर्णीनं तेच केलं. टीव्हीच्या पट्टीवर ‘३९ फूट इशारा, ४३ फूट धोका’ सरकत राहतं, पण त्या फुटांचा चंदगडकराला काडीचा उपयोग नाही. इथलं पाणी पंचगंगेला मिळतच नाही. ताम्रपर्णी आणि घटप्रभा कर्नाटकातल्या हिडकलच्या जलाशयात जातात. तालुक्याच्या पश्चिम कडेचं पाणी तिळारीतून घाट उतरतं आणि दोडामार्गावरून गोव्याकडं जातं.

पुढची उलटी गणती कुठल्या एका रात्रीची रोजनिशी नाही. पूर ज्या क्रमानं चढतो तो क्रम इथं मांडला आहे, तास ढोबळ आहेत. पेठेतल्या पहिल्या दुकानाच्या उंबऱ्याला पाणी लागतं, तो शून्य तास.

उरले सहा आठवडे

जून. नदीवरच्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांचे बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, काढून झालेले असतात. तालुक्यात तीन मध्यम प्रकल्प आहेत. फाटकवाडीचं घटप्रभा धरण ४४ दशलक्ष घनमीटरचं, जंगमहट्टी साडेचौतीसचं, जांबरे २३ चं. धरणवाल्यांच्या बोलीत दलघमी. तिन्ही मिळून १०२ दलघमी, म्हणजे साधारण ३.६ टीएमसी. हिडकल एकटं ५१ टीएमसीचं आहे. हा फरक लक्षात असू द्या.

या घडीला तिन्ही धरणांत जागा आहे. पुराला थोपवायचं म्हणजे काय, तर रिकामी जागा. दुसरी कुठलीही युक्ती धरणाजवळ नाही.

उरले तीन आठवडे

फाटकवाडीचं धरण जिल्ह्यात लवकर भरणाऱ्यांपैकी. बहुतेक वर्षी जुलैतच ‘ओव्हरफ्लो’ची बातमी येते, सांडव्यावरच्या पांढऱ्याशुभ्र पाण्याचा फोटो येतो, जलपूजन होतं, नारळ-खण-साडी वाहिली जाते. यात खोटं काही नाही. उन्हाळ्यात ऊस जगवायचा, पिण्याचं पाणी पुरवायचं, तर धरण भरलेलं हवंच. पण पुराची रात्र माझ्या मते याच दिवसांत ठरते, आणि ती आनंदात ठरते.

अभियंत्याच्या जागी उभं राहून बघा. धरण ऐंशी टक्के भरलंय. विमोचकातून, म्हणजे पाणी सोडायच्या दारातून, १०० क्युसेक सोडलं, तर चोवीस तासांत धरण जेमतेम पाव दलघमीनं हलकं होणार. पाच दलघमीची जागा करायची तर वीस दिवस सोडत बसावं लागेल, आणि तेही वरून काहीच आलं नाही तर. जुलैत वरून काहीच येत नाही असे वीस दिवस चंदगडात कुणी पाहिलेत? शिवाय सोडलं आणि ऑगस्ट कोरडा गेला, तर मार्चमध्ये मोर्चा त्याच्याच दारात. पूर आला तर निदान पावसाला दोष देता येतो. पाणी सोडल्याचा दोष मात्र सही करणाऱ्याच्या नावावर राहतो. कोणत्या तारखेला कुठल्या पातळीपर्यंत धरण भरायचं, याची कोष्टकं मोठ्या धरणांसाठी असतात आणि गाजतातही. २०१९ च्या पुरानंतर नेमलेल्या नंदकुमार वडनेरे समितीनं मे २०२० मध्ये अहवाल दिला, तेव्हा चर्चा अलमट्टी, कोयना आणि राधानगरीची झाली. फाटकवाडी, जांबरे ही नावं त्या वादात कुणाच्या तोंडी येत नाहीत.

उरले ७२ तास

हवामान खात्याचा इशारा येतो. ऑरेंज, मग रेड. या तीन दिवसांत मोठ्या दरवाजांचं धरण काही करू शकतं. चंदगडच्या धरणांना फारसं काही करता येत नाही. पाणी सांडव्याच्या माथ्याला लागलं की ते आपोआप वाहतं, त्याला कुणाचा हुकूम लागत नाही.

उरले १८ तास : सकाळी आठ

पर्जन्यमापकाची नोंद. चंदगड, हेरे, नागनवाडी, माणगाव, तुर्केवाडी, कोवाड या मंडळांचे आकडे तहसीलला जातात. मंडळात ६५ मिलिमीटर झाला की सरकारदरबारी अतिवृष्टी. पण कोवाडला पडलेल्या पावसानं कोवाड बुडत नाही. बुडतं ते पश्चिमेला, घाटमाथ्याला पडलेल्या पावसानं. तिथं १०० चौरस किलोमीटरवर एका दिवसात २०० मिलिमीटर कोसळला, तर तो २० दलघमी होतो. जांबऱ्याचं धरण जवळजवळ एका दिवसात भरेल एवढं हे पाणी. जूनमध्ये यातलं बरंच जमीन पिते. ऑगस्टपर्यंत जमिनीचं पोट भरलेलं असतं, ती आता सगळंच ओढ्याला देते.

उरले १८ तास

बंधारे पाण्याखाली जाऊ लागतात. जिल्ह्याच्या पत्रकात ओळीनं नावं येतात. ताम्रपर्णीवर चंदगड, कुर्तनवाडी, हल्लारवाडी, काकर, माणगाव, कोवाड. घटप्रभेवर हिंडगाव, तारेवाडी, अडकूर. बाहेरच्याला ती यादी वाटते. इथल्या माणसाला मात्र कळतं की या बंधाऱ्यांवरून रोज जाणारी वाट बंद झाली. दूधवाला पलीकडं राहतो, डॉक्टर अलीकडं. फोन सुरू होतात.

‘दादा, बंधाऱ्यावर पाणी आलं काय?’

‘आलं की. एस्टी मागं फिरवली.’

उरले १० तास

दुपार कलते. भरलेलं धरणही थोडा पूर अंगावर घेतं. सांडव्यावर फूटभर, दोन फूट पाणी चढतं, तेवढं काही तास जलाशयात रेंगाळतं आणि नदीतला लोंढा जरा बुटका होतो. ‘धरणामुळं पूर आला’ म्हणताना हे कुणी सांगत नाही, आणि ‘धरणानं वाचवलं’ म्हणणारे हे फुगवून सांगतात. खरी गंमत वेगळीच आहे. धरणाच्या खालच्या बाजूचे कितीतरी ओढे कुठल्याच धरणात न जाता थेट ताम्रपर्णीला मिळतात. त्यांच्यावर ना पाणी मोजायची पट्टी, ना चौकीदार.

उरले ६ तास

वीज जाते. ग्रामपंचायतीचा भोंगा फिरतो. नदीकाठचा ऊस शेंड्यापर्यंत बुडालेला, भाताची खाचरं दिसेनाशी. गोठ्यांतून जनावरं सोडून उंचावर नेली जातात. म्हैस पाण्याला भीत नाही, तिला हलवायला उलट जास्त माणसं लागतात.

पेठेत माल वर चढू लागतो, आणि त्यालाही क्रम आहे. आधी साखर नि मीठ, कारण ते विरघळतं. मग खत आणि सिमेंट, कारण पाणी लागलं की पोतं दगड होतं. मग पीठ, डाळी, वह्या, उधारीची खतावणी. तेलाचे बंद डबे शेवटी, ते तरंगले तरी तेल आतच राहतं. माळा किती उंच घ्यायचा हे भिंतीवरच्या जुन्या पुराच्या रेघेवरून ठरतं. २०१९ नंतर ती रेघ विसरता येण्यासारखी राहिलेली नाही.

 

उरले २ तास

मध्यरात्र. पाणी नदीच्या बाजूनं येईल म्हणून सगळे तिकडं टॉर्च मारतात, आणि ते मागच्या ओढ्यानं येतं. नदी इतकी उंच झालेली असते की ओढ्याला तिच्यात उतरता येत नाही, तो उलटा गावात पसरतो. गटारांतून बुडबुडे येऊ लागतात.

शून्य

उंबरा ओला होतो.

१२ तासांनंतर

हेच पाणी सीमा ओलांडतं. आता गणती हिडकलच्या अभियंत्याची सुरू होते. त्याच्याकडं दरवाजे आहेत, पण ऑगस्टमध्ये त्याचं धरणही भरत आलेलं असतं आणि खाली गोकाक आहे. २०१९ मध्ये तिथला लोळसूर पूल पाण्याखाली गेला, शहरात पाणी घुसलं. तिकडं घाटाखाली तिळारीच्या पाण्यानं गोव्यातलं साळ गाव त्याच ऑगस्टमध्ये बुडवलं होतं.

कोवाडात चिखल खरवडणं सुरू होतं. तलाठी पंचनाम्याला येतात, भिजलेली पोती उन्हाची वाट बघतात. तिन्ही धरणांच्या रकान्यात त्या सकाळीही १०० टक्के लिहिलेलं असतं, आणि निम्मा ऑगस्ट नि अख्खा सप्टेंबर अजून बाकी असतो.