लेकराचा ताप आणि जामखेडच्या बाया

आपल्या जिल्ह्याचा इतिहास म्हटला की भुईकोट किल्ला, चांदबिबी आणि १९४२ साली किल्ल्यात डांबलेले पुढारी एवढेच आठवते. स्मरणिकेसाठी लेख मागितला तेव्हा मी म्हटले, सातवी शिकलेल्या बाईने किल्ल्यावर काय लिहावे? त्यापेक्षा तापलेल्या लेकराच्या उशाशी बसणाऱ्या बायकांचा इतिहास लिहिते. त्याचे मोठे पान आपल्याच जिल्ह्यात, जामखेडला लिहिले गेले आहे.

भगिनींनो, पूर्वी ताप म्हणजे कोप. अंगावर पुरळ दिसले की ‘देवी आली’ म्हणत. दाराला लिंबाचा डहाळा लागे, घरात फोडणी बंद, लेकराची आंघोळ बंद. नुसताच ताप असला तर मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढीत, अंगारा लावीत आणि दारे-खिडक्या लावून लेकराला गोधडीत गुंडाळीत. वर उपाशी ठेवीत, कित्येक घरी पाणीसुद्धा बेतानेच देत. श्वास जोराने चालून पोट उडू लागले की बिब्ब्याचा डाग. आमच्या सासूबाईंच्या नणंदेच्या पोटावर तो डाग शेवटपर्यंत होता. त्या आयांची माया कमी होती असे मात्र कोणी समजू नये. त्यांना दुसरे सांगणारे कोणी नव्हते. ऑलबट नावाच्या इंग्रज डॉक्टराने सहा इंची, पाच मिनिटांत ताप सांगणारी काचेची नळी १८६६-६७ च्या सुमारास केली. पण शंभर वर्षांनंतरही आमच्या गल्लीत हाताचा पालथा पंजा हाच थर्मामीटर होता.

१९७० साली डॉक्टर रजनीकांत आरोळे व त्यांच्या पत्नी डॉक्टर मेबल आरोळे जामखेडला आले. दोघेही वेलोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकलेले. रजनीकांत तर नगर जिल्ह्यातलेच. तेव्हा त्या भागात जन्मलेल्या हजार मुलांपैकी १७६ मुले वर्षाच्या आत जात असत. हा आकडा मी प्रथम वाचला तेव्हा आजीच्या ‘झालेल्या’ आणि ‘राहिलेल्या’ मुलांचा हिशेब मला उमगला.

दवाखान्यात बसून ही मुले वाचणार नाहीत हे त्या दोघांनी ओळखले. शिकलेल्या परिचारिका खेड्यात पाठवून पाहिल्या, पण ते नीट जमले नाही. मग गावातलीच बाई निवडून तिला शिकवावे असे ठरले. या बाया बहुतेक निरक्षर, कित्येक दलित, काही नवऱ्याने टाकलेल्या. त्या आठवड्याला जामखेडी जमत, जातपात सोडून एकत्र जेवत, एकत्र निजत आणि चित्रांवरून, गाण्यांवरून, एकमेकींच्या अनुभवांवरून शिकत. तापलेल्या मुलाला गुंडाळू नका, पाणी व अन्न तोडू नका, अंगावरचे दूध तर मुळीच तोडू नका, हे डॉक्टराने सांगून जे झाले नसते ते शेजारच्या बाईने चुलीपाशी बसून सांगितल्यावर झाले. पहिल्यांदा लोक हसलेच असतील. हिच्या हातचे पाणी न पिणारे हिचे औषध कसे घेतील? पण लेकरू वाचले की आई जात विचारीत नाही. १९९० नंतरच्या दशकात तो १७६ चा आकडा २६ च्या आसपास आला. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मेबलताई १९९९ मध्ये व डॉक्टर आरोळे २०११ मध्ये गेले.

त्याच काळात दुसरे एक खूळ माजले होते, सुईचे. ताप आला की इंजेक्शन हवेच. माझ्या माहेरच्या गल्लीत एक लंगडा गृहस्थ होता. तापात सुई टोचली आणि पाय गेला, असे त्याची आई सांगे. त्याचे काय झाले ते देव जाणे, पण पोलिओचे विष अंगात असताना मांडीत सुई दिली तर त्या पायाला लुळेपण येण्याची भीती वाढते, हे वैद्यकाला ठाऊक आहे. पोलिओ आता देशातून गेला. शेवटचा रोगी २०११ सालचा. सुईची हौस अजून गेलेली नाही.

जामखेडच्या बायांनी जे दाखविले त्याला दूर गडचिरोलीत आणखी एक जोड मिळाली. तेथे डॉक्टर अभय व राणी बंग यांनी निमोनिया ओळखण्यासाठी मणी लावलेले एक साधन केले. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळूचे एक मिनिट संपण्याआधी लाल मण्यापाशी पोचलो तर निमोनिया. दहापर्यंत मोजता येणाऱ्या बाईला एवढे पुरे. पुढे २००५ साली सरकारने आशाताई नेमल्या, त्यामागे अशाच कामांचा धडा होता.

आता थर्मामीटर घरोघर आला आहे. १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त म्हणजे ताप. तीन महिन्यांच्या आतील बाळाला एवढा ताप असला तर वाट न पाहता डॉक्टर गाठावा. मोठ्याला पातळ कपडे, वरचेवर पाणी किंवा दूध, आणि डॉक्टराने वजनावर ठरवून दिलेले पॅरासिटामॉल. शेजारणीच्या मुलाचा डोस आपल्या मुलाला नको. झटका आला, पीतच नाही, गळून निपचित पडले किंवा श्वासागणिक छाती आत ओढली जाते, तर तडक दवाखाना.

श्वास मात्र यंत्र मोजत नाही, तो आपणच मोजावा. लेकरू रडत असता मोजू नये, शांत होऊ द्यावे. झबले वर करून, घड्याळ समोर ठेवून, पोट वर आले की एक धरावा. पुरे एक मिनिट मोजावे. दोन महिन्यांच्या आत ६०, वर्षापर्यंत ५०, पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक भरले तर रात्र असली तरी निघावे.