संगणकांच्या जाळ्याचा कारभारी



'सर्व्हर' या शब्दाचा सरळ अर्थ सेवा करणारा, म्हणजे सेवक. परंतु बँकेच्या खिडकीपाशी किंवा रेल्वेच्या आरक्षण-कचेरीत 'सर्व्हर बंद आहे' हे तीन शब्द कानी पडले की रांगेतला प्रत्येक मनुष्य हताश होतो आणि खिडकीमागचा कारकूनही हात जोडून बसतो. सेवक रुसल्यावर धन्याचे काही चालू नये, असा हा विलक्षण सेवक आहे. तो आला कोठून, त्याच्याकडे कोणकोणती कामे सोपविली गेली, आणि त्याला राज्यपदावर बसविणारी 'नेटवेअर' ही प्रणाली कशी उदयास आली व कशी मावळली, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

प्रत्येक संगणकाला स्वतःचा कारभार पाहणारी एक आज्ञाप्रणाली असते. तिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. स्मृतीची वाटणी, तबकडीवरील लेखांची मांडणी, कळफलक व पडदा यांची देखरेख ही तिची कामे. पण ही व्यवस्था एका घरापुरती झाली. अनेक संगणक तारांनी जोडून त्यांचे जाळे केले, की सामाईक वस्तूंचा प्रश्न उभा राहतो. कोणती वस्तू कोणी, केव्हा आणि किती वापरावी? हा गावकीचा कारभार पाहणारी जी प्रणाली, तिला नेटवर्क ऑपरेटिंग सिस्टिम हे नाव मिळाले.

या कल्पनेचे बीज कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे, झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात पेरले गेले. तेथे १९७३ साली 'आल्टो' नावाचा एकेका माणसाने वापरावयाचा संगणक तयार झाला, आणि त्याच वर्षी रॉबर्ट मेटकाफ यांनी असे संगणक जोडणाऱ्या 'ईथरनेट' या पद्धतीचे टिपण लिहिले. लेसर-मुद्रणयंत्र त्या काळी फार महाग. ते प्रत्येकाच्या मेजावर ठेवणे अशक्य होते. तेव्हा एक यंत्र सर्वांनी वापरावे आणि आलेली कामे रांगेने उरकणारा एक संगणक त्याच्यापाशी बसवावा, ही युक्ति निघाली.

पुढे ऑगस्ट १९८१ मध्ये आय. बी. एम. कंपनीचा पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आला आणि कचेऱ्यांतून छोटे संगणक दिसू लागले. त्यांच्या लवचिक तबकड्यांवर मजकूर थोडाच मावे. मोठी कठीण तबकडी महाग असे. म्हणून एक तबकडी अनेकांत वाटून घेण्याचे प्रयत्न सुरू झाले. पहिली रीत अशी होती की, जाळ्यातील प्रत्येक संगणकाने ती तबकडी आपलीच समजून तिच्यावर थेट लिहावे. येथेच घोटाळा झाला. तबकडीवर मोकळी जागा कोणती, याची यादी जो तो आपल्यापाशी बाळगी. एकाने एका जागी हिशेब लिहिला, तरी दुसऱ्याच्या यादीत ती जागा मोकळीच दिसे. तो तिच्यावर आपले पत्र लिही, आणि हिशेब नाहीसा होई.

या अडचणीतून मार्ग काढला तो अमेरिकेतील युटा राज्यात. तेथील नॉव्हेल या कंपनीसाठी ड्रू मेजर, डेल नीबॉर आणि काइल पॉवेल हे ब्रिगहॅम यंग विद्यापीठातून आलेले तरुण काम करीत होते. त्यांना सांगितले होते तबकडी वाटून देण्याचे काम. त्यांनी प्रश्नच फिरवून घेतला. तबकडी वाटू नये, तिच्यावरील लेख वाटावेत, असा त्यांचा निष्कर्ष होता. दफ्तरखान्यात ज्याने त्याने स्वतः शिरून रुमाल सोडावेत आणि हवे ते कागद उपसावेत, ही एक तऱ्हा. आणि दाराशी दफ्तरदार बसवून त्याच्याकडे कागद मागावा, ही दुसरी. त्यांनी दुसरी पत्करली. तबकडीला हात लावण्याचा अधिकार एकट्या सर्व्हरचा. इतरांनी केवळ विनंती करावयाची. एकजण एखादी नोंद दुरुस्त करीत असेल, तर तिला कुलूप लागे आणि दुसऱ्याला थांबावे लागे. या विचारावर उभारलेली 'नेटवेअर' प्रणाली १९८३ साली बाजारात आली. त्याच वर्षी रे नूर्डा यांनी कंपनीची सूत्रे हाती घेतली.

दफ्तरदार एकदा नेमल्यावर त्याच्याकडे एकेक खाते येऊ लागले. मुद्रणाची रांग त्याच्याकडे आली. कोणी आत यावे आणि कोणी कोणता कागद केवळ वाचावा किंवा बदलावा, याची नोंदवही त्याच्याकडे आली. वीज गेली आणि एखादा व्यवहार अर्धाच लिहिला गेला, तर तो पुसून पूर्वस्थिति आणण्याची, तसेच प्रत्येक अक्षर दोन तबकड्यांवर लिहून एक बिघडली तरी दुसरीवर काम चालविण्याची सोय झाली. आलेल्या मागण्या आगमनाच्या क्रमाने न उरकता, उद्वाहनाप्रमाणे वाटेत लागतील त्या क्रमाने उरकण्याची चतुराईही त्यात होती. त्यामुळे दूरच्या सर्व्हरवरील लेख पुष्कळदा स्वतःच्या तबकडीवरील लेखापेक्षा लौकर हाती येई. नेटवेअरचा एक सर्व्हर चुकून भिंतीआड चिणला गेला आणि तेथेही वर्षानुवर्षे इमानाने राबत राहिला, अशी आख्यायिका या व्यवसायातील लोक सांगतात. ती खरी असो वा नसो, तिच्यामागील विश्वास खरा होता.

१९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत कचेऱ्यांतील जाळ्यांपैकी निम्म्याहून अधिक नेटवेअरवर चालत होती. १९९३ मध्ये आणखी एक मोठे पाऊल पडले. तोवर प्रत्येक सर्व्हरची नोंदवही निराळी असे. दहा सर्व्हर असतील तर एका माणसाचे नाव दहा ठिकाणी लिहावे लागे. चौथ्या आवृत्तीने साऱ्या जाळ्याची एकच वंशवृक्षासारखी नोंदवही सिद्ध केली. माणसाने एकदा ओळख पटवावी आणि सर्वत्र त्याला ओळखावे, ही आजची परिपाठी त्यामुळे रूढ झाली.

मग या साम्राज्याला उतरती कळा का लागली? जुलै १९९३ मध्ये मायक्रोसॉफ्टची 'विंडोज एन. टी.' आली. लेख पुरविण्यात ती नेटवेअरहून सरस मुळीच नव्हती. परंतु लोकांच्या मागण्या बदलल्या होत्या. सर्व्हरने लेख राखावेत एवढ्यावर न थांबता माहितीसंग्रह चालवावा, पत्रव्यवहार पाहावा, हिशेबाची मोठी कामेही स्वतः करावीत, अशी अपेक्षा होऊ लागली. नेटवेअरचा वेग ज्या साधेपणावर उभा होता, तोच आता आडवा आला. मूळ प्रणाली आणि तिच्यावर चढविलेले कार्यक्रम एकाच अंगणात, मध्ये कुंपण नसताना वावरत. एकाने आग लावली की सारा वाडा जळे. शिवाय नेटवेअरची आय. पी. एक्स. ही संभाषणरीत, जी मुळात झेरॉक्सच्या घराण्यातली, ती कचेरीच्या चार भिंतींत छान चाले. बाहेर मात्र इंटरनेटची टी. सी. पी. आय. पी. ही रीत जगभर पसरत होती. तिचा पूर्ण स्वीकार नेटवेअरने १९९८ मध्ये, पाचव्या आवृत्तीत केला. तोवर उशीर झाला होता.

दुसऱ्या बाजूने युनिक्सचे घराणे पुढे सरसावले. १९९१ मध्ये लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी लिनक्सचा आरंभ केला. पुढच्याच वर्षी ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा येथे अँड्र्यू ट्रिजेल यांनी 'सांबा' या प्रणालीचा पाया घातला. तिच्या योगे युनिक्सचे यंत्र विंडोजच्या भाषेत बोलून लेख पुरवू लागले, आणि हे सारे विनामूल्य. अखेर २००५ मध्ये नॉव्हेलने आपल्या साऱ्या सेवा लिनक्सवर आणून ठेवल्या. २०११ मध्ये कंपनीच दुसऱ्या कंपनीच्या हाती गेली.

राज्ये बदलली, पण खाती तीच राहिली. लेख राखणे, कामाची रांग लावणे, माणसाची ओळख पटविणे, अधिकार ठरविणे आणि अपघातातून सावरणे, हा पंचविध कारभार आजही सर्व्हर करीतच आहे. फरक एवढाच की, पूर्वी दफ्तरदार आपल्याच कचेरीच्या कोपऱ्यात बसे. किल्ली कोणाकडे, हे शिपायालाही ठाऊक असे. आज आपली पत्रे, हिशेब आणि छायाचित्रे ज्या सर्व्हरवर आहेत, ती यंत्रे शेकडो कोस दूर परक्या वाड्यात ठेवलेली असतात. सोय वाढली, यात संशय नाही. तरी ज्याच्या हाती दफ्तर, त्याच्या हाती कारभार, हा अनुभव जुना आहे. म्हणून आपली कागदपत्रे कोठे ठेवली आहेत, त्यांची दुसरी प्रत आपल्यापाशी आहे काय, आणि दफ्तरदार उद्या बदलला तर ती परत कशी मिळतील, हे तीन प्रश्न प्रत्येक संस्थेने व प्रत्येक गृहस्थाने वेळीच विचारून ठेवावेत. सेवक कितीही इमानी असला, तरी धन्याने आपल्या घराची मोजदाद स्वतः केली पाहिजे.