पाळण्यापासूनची सर्दी



आपल्या खानदेशात वाहत्या नाकाला कोणी आजार म्हणत नाही. जळगाव-धुळे हा कापसाचा मुलूख. कोणी खोकला की जिनिंगच्या धुळीला दोष देऊन आपण मोकळे होतो. कामगार चळवळीत मीही तेच करीत आलो. कापसाच्या धुळीने छाती धरते हे खरेच आहे. त्या रोगास बिसिनोसिस म्हणतात आणि भरपाईच्या कायद्याच्या यादीत त्याचे नाव आहे. एका जिनमधील तरुण हमालाचा असाच अर्ज मी लिहीत बसलो होतो. त्याची आई म्हणाली, "भाऊ, जिनात जायच्या आधीपासून, पाळण्यात होता तेव्हापासून याचं नाक असंच वाहतं." अर्ज तिथेच थांबला. माझी शाळा सातवीत सुटलेली; पण त्या वाक्याने मला वाचनालयात नेऊन बसवले.

नाक, नाकाभोवतीच्या पोकळ्या म्हणजे सायनस, आणि श्वासनळ्या यांच्या अस्तरावर डोळ्यांस न दिसणारे केस असतात. सेकंदाला दहा-बारा वेळा ते एका तालात हलतात आणि धूळ, जंतू यांसह शेंबूड पुढे लोटतात. या हालचालीवर पुर्किन्ये आणि व्हॅलेंटिन यांनी १८३५ सालीच ग्रंथ लिहिला. पण हे केस जन्मतःच नीट हलत नसले तर काय होईल, याचे उत्तर मिळायला आणखी एकशे चाळीस वर्षे लागली.

रोगी मात्र समोर होते. १९०४ मध्ये कीव्हच्या सीवर्टने एक रोगी नोंदवला: श्वासनळ्या सैलावलेल्या आणि हृदय उजवीकडे. १९३३ मध्ये झुरिकच्या कार्टागेनरने असे चार रोगी मांडले. त्यांच्या सायनसही कायमच्या भरलेल्या. नाकाचा आणि हृदयाच्या जागेचा संबंध काय, हे कोणास सांगता येईना.

उकल समुद्रातून आली. स्वीडनच्या आफ्झेलियसने १९५९ मध्ये सी अर्चिन या काटेरी प्राण्याच्या शुक्रजंतूंच्या शेपटीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने बारीक हात पाहिले. शेपटी हलते ती त्यांच्या जोरावर. पुढे मूल होत नाही म्हणून आलेल्या काही पुरुषांच्या शुक्रजंतूंत हे हातच नाहीत असे आढळले. आणि त्याच पुरुषांना जन्मभराची सर्दी होती! नाकातील केसांची रचनाही तीच. १९७६ मध्ये त्याने हे जगापुढे ठेवले. गर्भातही असेच केस डावे-उजवे ठरवतात. ते थबकले की हृदय कोणत्या बाजूस जाईल हे नशिबावर, म्हणून निम्म्याच रोग्यांत ते उजवीकडे असते. आपल्याकडे मूल नसले की सुनेला वांझ म्हणतात. नवऱ्याच्या नाकाकडे कोण पाहतो?

दोष बहुधा आई आणि वडील दोघांकडून यावा लागतो. ते स्वतः धडधाकट असतात, आणि प्रत्येक मुलाला रोगाची शक्यता चारात एक. नात्यातल्या लग्नांत ती गाठ अधिक पडते. आमच्या हमालाचे आईवडील मामे-आतेभावंडे होती.

त्याचे हृदय डावीकडेच होते, म्हणून आधीच्या डॉक्टरांनी साधी सर्दी म्हणून परत पाठवले होते. धुळ्याच्या एका डॉक्टरांनी मात्र या रोगाचा संशय धरला. रोज मिठाच्या पाण्याने नाक धुणे आणि छातीतला कफ काढण्याचा व्यायाम त्यांनी शिकवला. मुळावर औषध नाही हेही स्पष्ट सांगितले. मालक म्हणाले, जन्मजात आहे, मग आमचा काय संबंध? मी म्हटले, ज्याच्या घराचा केरसुणीवालाच लुळा, त्याच्या दारात धूळ ओतता येत नाही. भरपाईचा अर्ज मी फाडला आणि बदलीचा लिहिला. तीन महिन्यांनी त्याला आवारातल्या वजनकाट्यावर घेतले.